दवाखान्यात डॉक्टरांखेरीज आणखी कोण असते?
(बारावीनंतरच्या संलग्न आरोग्य विज्ञान पदवीविषयी)



बारावीचा निकाल लागतो, पाठोपाठ 'नीट'चाही लागतो आणि शाळेच्या कचेरीत जीवशास्त्र घेतलेल्या मुलांचे पालक येऊ लागतात. प्रश्न बहुधा एकच असतो : डॉक्टरकीचे जमले नाही, आता पुढे काय? चेहरे असे पडलेले असतात की जणू घरात काही अशुभ घडले आहे. २०२४ साली २३ लाखांहून अधिक मुले ही परीक्षा देऊन आली. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखही नव्हत्या. म्हणजे साधारण वीस मुलांमागे एक जागा. उरलेली एकोणीस मुले काही नालायक नाहीत.

अशा वेळी कोणीतरी नातेवाईक सुचवतो, "पॅरामेडिकलला टाका." मग आठ दिवसांत, जिथे जागा मिळेल तिथे, जो विषय मिळेल तो घेऊन प्रवेश होतो. आम्हांला या लेखात एवढेच सांगायचे आहे की, ही विद्याशाखा उरलेल्यांची नाही आणि ती डोळे झाकून घेण्याचीही नाही. तिचा विचार निकालानंतर आठ दिवसांत करू नये. अकरावीतच, शांत डोक्याने करावा.

एका आजोबांचे उदाहरण

संलग्न आरोग्य विज्ञान, इंग्रजीत ज्याला 'अलाईड हेल्थ सायन्सेस' म्हणतात, ते नेमके काय, हे व्याख्येपेक्षा उदाहरणाने लवकर कळते.

समजा, मल्हारगंजातल्या एका आजोबांना सकाळी चहा पिताना पक्षाघाताचा झटका आला. तोंड वाकडे झाले, उजवा हात गळून पडला. रुग्णवाहिका आली. तिच्यातील प्रशिक्षित माणसाने सर्वांत आधी विचारले, "हे नेमके किती वाजता सुरू झाले?" कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध झटक्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. रुग्णालयात पोहोचताच सीटी स्कॅन झाला. तो काढणारा रेडिओलॉजी तंत्रज्ञ. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे त्या चित्रावरून ठरते. गुठळीचे औषध रक्तस्राव असलेल्याला दिले तर जीव जाऊ शकतो. तोवर प्रयोगशाळेत रक्तातील साखर, प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची वेळ तपासली गेली. ते काम प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे.

निदान डॉक्टरांनी केले, औषध डॉक्टरांनी दिले, परिचारिकांनी रात्रंदिवस पाहिले. आजोबा वाचले. पण पुढे? त्यांना पाणी गिळता येते की श्वासनलिकेत जाते, हे वाचा व गिळणे उपचारतज्ज्ञाने तपासले, नाहीतर घशाखाली चुकीच्या वाटेने गेलेल्या घोटातून न्यूमोनिया होतो. फिजिओथेरपिस्टने पलंगावरून उठवून उभे केले, चालवले. ऑक्युपेशनल थेरपिस्टने डाव्या हाताने सदऱ्याची बटणे लावायला, घास घ्यायला शिकवले. आहारतज्ज्ञाने जेवण ठरवून दिले. इंदुरी माणसाला "शेव सोडा" असे नुसते सांगून भागत नाही, त्याऐवजी काय खावे हेही सांगावे लागते.

एका रुग्णामागे डॉक्टर आणि परिचारिका सोडून सहा-सात जण उभे राहिले. त्यांच्यातील एकाचेही काम चुकले असते तर बाकीच्यांचे श्रम वाया गेले असते. हीच ती विद्याशाखा.

ही विद्या आली कोठून?

१८९५ साली जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि ती यंत्रे चालवणारे लोक लागू लागले. सुरुवातीला डॉक्टरांच्या हाताखाली पाहून पाहूनच लोक शिकत. पुढे दोन महायुद्धांतील जखमी सैनिक आणि पोलिओने अधू झालेली मुले यांच्यामुळे पुनर्वसनाचे शास्त्र वाढले.

आपल्या देशात या इतिहासाशी एक मराठी घराणे जोडलेले आहे. मूळच्या अमेरिकन आणि लग्नानंतर निंबकरांच्या घरच्या झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी अमेरिकेत शिक्षण घेतले आणि १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची देशातील पहिली शाळा सुरू केली. पोलिओच्या मुलांकडे तेव्हा दयेने पाहिले जाई. ही मुले शिकू शकतात, कमावू शकतात, हे कमलाबाईंनी कामातून दाखवले. १९५५ मध्ये मुंबईतच हाजी अलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था उभी राहिली. कर्णबधिरत्व आणि वाचादोषांसाठीची अखिल भारतीय संस्था १९६५ मध्ये मैसूरला निघाली.

कायदा काय सांगतो?

पुष्कळ वर्षे या व्यवसायांना देशपातळीवर एक कायदा नव्हता. सहा महिन्यांचे प्रमाणपत्र घेतलेला आणि चार वर्षे शिकलेला, दोघेही 'टेक्निशियन'च म्हणवत. मार्च २०२१ मध्ये संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. त्यात व्यवसायांचे दहा गट केले आहेत. प्रयोगशाळा, शस्त्रक्रिया व भूल तंत्र, फिजिओथेरपी, नेत्रतपासणी, पोषण, ऑक्युपेशनल थेरपी, रेडिओलॉजी, आरोग्य नोंदींचे व्यवस्थापन इत्यादी.

पालकांनी या कायद्यातील दोन आकडे लक्षात ठेवावेत. 'संलग्न आरोग्य व्यावसायिक' म्हणवण्यासाठी दोन ते चार वर्षांत किमान २००० तासांचे शिक्षण हवे. 'आरोग्यसेवा व्यावसायिक' या वरच्या वर्गासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३६०० तासांची पदवी हवी. झटपट कोर्सची जाहिरात दिसली की हे आकडे आठवावेत. नर्सिंग आणि फार्मसी हे या कायद्यात येत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळे कायदे आहेत.

कोणता अभ्यासक्रम कोणाला?

पहिल्या वर्षी बहुतेक सर्वांना शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे विषय असतात. त्यानंतर वाटा फुटतात. आम्ही मुलांना नेहमी सांगतो, पदवीचे नाव पाहू नका, रोजचे काम कसे आहे ते पाहा.

प्रयोगशाळा तंत्रज्ञान : ज्याचे मन सूक्ष्म कामात रमते, वहीत खाडाखोड नसते, त्याने इकडे पाहावे. येथे लहान चुकीची किंमत मोठी असते. जांभळ्या टोपणाच्या नळीतले रक्त चुकून दुसऱ्या नळीत ओतले तरी रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते, आणि डॉक्टर त्या खोट्या आकड्यावर उपचार करू लागतात.

रेडिओलॉजी : भौतिकशास्त्राची आवड हवी. एक्स-रे आणि सीटीत किरणोत्सर्ग असतो, एमआरआयमध्ये नसतो. येथे काम करणाऱ्याच्या छातीवर टीएलडी नावाचा बिल्ला असतो. अंगावर किती किरण पडले हे तो बिल्ला दर तीन महिन्यांनी तपासून कळते. नियम पाळले तर भीतीचे कारण नाही. एक गोष्ट मात्र आधीच माहीत असावी. आपल्या देशात गर्भलिंग तपासणीविरोधी १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफी पात्र डॉक्टरांनीच करायची असते. परदेशात तंत्रज्ञ ती करतात, येथे नाही.

शस्त्रक्रियागृह व भूल तंत्रज्ञान : शस्त्रक्रियेआधी भुलेचे यंत्र तपासणे, ऑक्सिजनची जोडणी पाहणे, उपकरणे १२१ अंशांच्या वाफेत निर्जंतुक झाली की नाही याची खात्री करणे, अशी ही कामे. तासन्‌तास उभे राहण्याची ताकद आणि अडचणीच्या क्षणी न गडबडणारा स्वभाव लागतो.

डायलिसिस तंत्रज्ञान : एका रुग्णाला एका वेळी साधारण चार तास यंत्रावर ठेवतात आणि तेवढ्यात सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी लागते. ते पाणी, ते यंत्र आणि तो माणूस तिघांवर एकाच वेळी नजर ठेवायची असते. तेच रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षे येतात. माणसांचा कंटाळा असणाऱ्याचे हे काम नव्हे.

फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी : इंटर्नशिप धरून साडेचार ते पाच वर्षांचे शिक्षण. पहिलीत हालचाल आणि शक्ती परत मिळवून देणे, दुसरीत रोजची कामे पुन्हा करता येणे, यावर भर. ऑक्युपेशनल थेरपीला आणि ऑपरेशन थिएटरला दोघांनाही लोक 'ओटी' म्हणतात. फॉर्म भरताना अक्षरांवर जाऊ नये, पूर्ण नाव वाचावे.

नेत्रतपासणी म्हणजे ऑप्टोमेट्री, श्रवण व वाचा उपचार आणि आहारशास्त्र : या तिन्हींत बोलण्याला आणि धीराला महत्त्व आहे. तोतरे बोलणाऱ्या मुलाबरोबर महिनोन्‌महिने बसावे लागते. श्रवण-वाचा आणि कृत्रिम अवयव या विषयांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होत आली आहे. तिचा कायदा १९९२ चा आहे.

पदवी म्हणजे डॉक्टरकी नव्हे

हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. प्रयोगशाळेची पदवी घेऊन रिपोर्टवर निदान लिहिता येत नाही, भूल तंत्रज्ञाला स्वतंत्रपणे भूल देता येत नाही. "डॉक्टर नाही तर डॉक्टरसारखेच" या समजुतीने आलेला मुलगा पहिल्या वर्षातच खट्टू होतो. आपल्या कामापुरते पक्के ज्ञान आणि त्या कामाची पूर्ण जबाबदारी हा या व्यवसायांचा मान आहे. तो मान उसना नाही.

कॉलेज निवडताना

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. ही विद्या रुग्णाशेजारी उभे राहून शिकायची आहे. म्हणून इमारत पाहण्याआधी रुग्णालय पाहा. आपल्या प्रदेशात नर्सिंग कॉलेजांची उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआय चौकशी झाली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. ते प्रकरण नर्सिंगचे असले तरी धडा सर्वांना आहे. तीन वर्षांची फी भरून, हातात पदवी घेऊन बाहेर पडलेली आणि रुग्णाची शीर सापडत नाही म्हणून पहिल्याच मुलाखतीतून परत आलेली मुले आमच्या पाहण्यात आहेत. दोष मुलांचा नव्हता. त्यांना रुग्ण दाखवलेच गेले नव्हते.

तेव्हा प्रवेशापूर्वी पालकांनी हे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे शक्यतो लेखी घ्यावीत :

१. कॉलेजचे स्वतःचे रुग्णालय आहे का? नसेल तर कोणत्या रुग्णालयाशी करार आहे, आणि मुले तेथे आठवड्यातून किती दिवस जातात?
२. ज्या विषयाची पदवी, तो विभाग तेथे चालू आहे का? डायलिसिस शिकवणाऱ्याकडे यंत्रे किती, रोज रुग्ण किती?
३. पदवी कोणते विद्यापीठ देते? मध्य प्रदेशात काही अभ्यासक्रम खासगी विद्यापीठांचे आहेत.
४. नोंदणी कोणत्या परिषदेत होईल? २०२१ च्या कायद्यामुळे जुन्या व्यवस्थेच्या जागी नवी येत आहे, म्हणून प्रवेशाच्या वर्षी काय स्थिती आहे तेच विचारावे.
५. इंटर्नशिप किती महिन्यांची, कोठे, आणि विद्यावेतन मिळते का?

पालकांनी एखाद्या साध्या दिवशी, न कळवता त्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तासभर बसावे. केस पेपरच्या खिडकीसमोर रांग आहे की शुकशुकाट, यावरून पुष्कळ कळते. आणखी एक : २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने या कायद्याखालील आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाईन पद्धतीने चालवण्यास मनाई केली आहे. घरबसल्या पदवीच्या जाहिरातीला फसू नये.

प्रवेशाविषयी थोडेसे

बहुतेक ठिकाणी बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागते. रेडिओलॉजीसारख्या काही विषयांना काही संस्था गणितवाल्यांनाही घेतात. एम्स आपल्या बीएस्सी पॅरामेडिकल अभ्यासक्रमांसाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा घेते. तिचा फॉर्म वेगळा भरावा लागतो आणि नीटच्या गडबडीत तो राहून जातो. सरकारी संस्थांची फी खासगीच्या मानाने बरीच कमी असते, म्हणून मेहनत आधी तिकडे करावी.

पुण्या-मुंबईला नातेवाईक असल्याने आपल्यातील अनेकांचा ओढा महाराष्ट्राकडे असतो. तेथे फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, श्रवण-वाचा उपचार या पदव्यांना नीट द्यावी लागते. राज्याच्या कोट्यासाठी साधारणपणे महाराष्ट्राचा अधिवास आणि तेथूनच दहावी-बारावी लागते. सीमाभागातील मराठी भाषकांना काही सवलत आहे, ती आपल्याला लागू नाही. घरी मराठी बोलतो एवढ्यावर प्रवेश मिळत नाही. नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा शेजाऱ्याच्या मुलाने गेल्या वर्षी काय केले यावर न जाता चालू वर्षाची माहितीपुस्तिका वाचावी.

भाषेची भीती

आपली बरीच मुले हिंदी माध्यमात शिकतात. आपल्या प्रदेशात २०२२ पासून एमबीबीएसची काही पुस्तके हिंदीत आली, परंतु या पदव्यांची पुस्तके आजही मुख्यतः इंग्रजीतच आहेत. आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, म्हणून अनुभवाने सांगतो : शब्द अडतात, विषय अडत नाही. रोज दहा शब्द वहीत लिहून पाठ केले तर पहिल्या सहा महिन्यांत भीती जाते. वैद्यकातील लांबलचक शब्द ठरावीक तुकड्यांचे बनलेले असतात. 'हिमॅटो' म्हणजे रक्त, 'नेफ्रो' म्हणजे मूत्रपिंड, 'आयटिस' म्हणजे दाह. तुकडे ओळखले की शब्द आपोआप उलगडतात.

उलट, आपल्या मुलांकडे एक भांडवल आहे. घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि शेजारीपाजारी माळवी किंवा निमाडी कानावर पडते. खेड्यातून आलेली आजी "जीव घबरावे" म्हणते तेव्हा तिला काय होते आहे, हे समजणारा माणूस रुग्णालयाला हवाच असतो.

कामाची दुसरी बाजू

केवळ गोड बाजू सांगणे बरे नव्हे. खासगी प्रयोगशाळांत आणि लहान रुग्णालयांत सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. सरकारी जागांची भरती अनियमित असते आणि अनेक जागा कंत्राटी असतात. रात्रपाळी करावी लागते, दिवाळीच्या पाडव्यालाही ड्यूटी लागू शकते. सुई टोचून संसर्ग होण्याचा धोका असतो, म्हणून प्रवेश घेताच कावीळ-ब ची लस घ्यावी. तिचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात.

मुलींच्या पालकांना रात्रपाळीची काळजी वाटते, ती रास्त आहे. पण ती काळजी घेऊन मुलीचे शिक्षण थांबवू नये. वसतिगृह कसे आहे, रात्री येण्या-जाण्याची सोय काय, हे कॉलेजला आणि पुढे नोकरी देणाऱ्याला विचारावे.

अनुभवाबरोबर वाट रुंदावते. पदव्युत्तर शिक्षण, अध्यापन, यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांतील प्रशिक्षकाचे काम, फिजिओथेरपिस्ट वा ऑप्टोमेट्रिस्टला स्वतःचा व्यवसाय. परदेशात जाणाऱ्यांना तेथील नोंदणी वेगळी करावी लागते. ब्रिटनमध्ये फिजिओथेरपिस्ट, रेडिओग्राफर, आहारतज्ज्ञ यांना एचसीपीसी या संस्थेकडे नाव नोंदवल्याशिवाय काम करता येत नाही. तेथे शिकलेले विषय आणि रुग्णांबरोबरचे प्रशिक्षण तपासले जाते. म्हणजे पुन्हा तोच मुद्दा, शिकताना रुग्ण किती पाहिले?

शाळेने काय करावे?

विश्वस्त मंडळास आमची नम्र विनंती आहे की, पुढील सत्रापासून अकरावीच्या जीवशास्त्राच्या मुलांना वर्षातून एकदा एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आणि पुनर्वसन विभागात नेण्याची सोय करावी. एका बसचा खर्च तो केवढा! प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकांचीही दुरुस्ती व्हावी. रक्ताची काचपट्टी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले मूल पुढची वाट अधिक समजून निवडते.

आपल्या शाळेचे जे माजी विद्यार्थी या क्षेत्रात आहेत, त्यांनी कचेरीत आपले नाव आणि कामाचे स्वरूप कळवावे. शनिवारी तासभर येऊन मुलांशी बोलले तर आमच्या दहा भाषणांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

पालकांना एवढेच सांगणे : नीट अवश्य द्यावी, मन लावून द्यावी. पण तिच्या निकालाची वाट पाहत बाकीची दारे बंद ठेवू नयेत. अकरावीच्या दिवाळीच्या सुटीत मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून विचारा, "दिवसभर कोणते काम करायला तुला आवडेल?" आलेले उत्तर कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन आमच्याकडे या. पुढची माहिती आपण मिळून काढू.